फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांची स्पर्धा आणि श्रेय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब फॉर्म तपासणारी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी मी काही वर्षं सांभाळतो आहे. त्या निमित्तानं इतर मेंटेनरांशी, म्हणजे असे प्रकल्प सांभाळणाऱ्यांशी, बोलणं होतं आणि फिरून फिरून तेच प्रश्न निघतात: कोणाचं काय घेतलं, कोणाचं नाव राहून गेलं, तुलना करताना कुठवर बोलायचं. उत्तरं माझी आहेत. उदाहरणं जाहीर घटनांची आहेत, फक्त शेवटचं माझ्या घरचं.

कोड तर फुकटच दिलेला असतो. मग श्रेयावरून एवढं भांडायचं कशाला?

फुकट दिलेला असतो म्हणूनच. पगार नाही, रॉयल्टी नाही, विक्रीतला वाटा नाही. रात्री जागून केलेल्या कामातून जे काही पदरात पडतं ते नाव. त्या नावावर पुढची नोकरी मिळते, प्रायोजक मिळतात, आणि प्रकल्प अडला तर हात द्यायला चार माणसं येतात. तेच काढून घेतलं तर देणाऱ्याकडे उरतं काय?

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच्याच आधारानं लिहिली आहेत. श्रेय ही माहिती आहे. एखादा भाग कुठून आला हे कळलं की तो असा का आहे हे कळतं, मूळ लेखकानं कोणत्या अडचणींवर आधीच डोकं फोडलं होतं ते कळतं, आणि मूळ प्रकल्पात सुरक्षेचा दोष सापडला तर आपल्याकडेही तो असू शकतो हे वेळेवर कळतं. नाव गाळलं की हा सगळा धागा तुटतो. त्यामुळे श्रेयाकडे सौजन्य म्हणून बघू नका, डॉक्युमेंटेशनचा भाग म्हणून बघा.

दुसऱ्या फ्रेमवर्कमधली कल्पना घेणं ही चोरी आहे का?

नाही. कल्पना घेतल्या नसत्या तर आजचं एकही फ्रेमवर्क, म्हणजे ॲप ज्यावर बांधतात तो तयार सांगाडा, उभं राहिलं नसतं.

मॉडेल (माहिती), व्ह्यू (पडद्यावर दिसतं ते) आणि कंट्रोलर (वापरकर्त्याच्या क्रिया हाताळणारा भाग) ही विभागणी ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषेवर काम करताना मांडली. पंचवीस वर्षांनी रूबी भाषेतलं रूबी ऑन रेल्स हे वेब फ्रेमवर्क आलं ते त्याच विभागणीवर उभं होतं, आणि रेल्सचं बघून मग इतर भाषांत कितीतरी फ्रेमवर्कं निघाली. २००७ मध्ये ब्लेक मिझेरानी यांनी रूबीत सिनाट्रा लिहिलं: पत्ता लिहा, खाली काय करायचं ते लिहा, झालं ॲप. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी एक्सप्रेस आलं तेव्हा त्याच्या पॅकेज फाइलमधल्या वर्णनाच्या ओळीतच लिहिलं होतं की हे सिनाट्रापासून प्रेरणा घेतलेलं वेब फ्रेमवर्क आहे. जागा एका ओळीची होती आणि त्यातही पहिला मान दुसऱ्याला दिला. पुढे एक्सप्रेस नोडच्या जगात घराघरात पोचलं. त्या ओळीनं त्याचं काही कमी झालं नाही.

चोरीचा प्रश्न येतो तो घेतलेलं लपवल्यावर. “आम्ही पहिल्यांदाच” असं रीडमीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) लिहायचं आणि शेजारच्या टॅबमध्ये ज्याचा कोड उघडा होता त्याचं नाव घ्यायचं नाही, हे वाईट.

नेमकं कशाकशाचं श्रेय द्यायचं? यादी कुठे संपते?

माझी मोजपट्टी सोपी आहे. तुम्ही एखादा निर्णय घेताना ज्याच्याकडे प्रत्यक्ष बघितलं, त्याचं नाव. मग ते कोडचे शंभर ओळींचे तुकडे असोत, फंक्शनांची नावं आणि त्यांचा क्रम असो, एखाद्या इश्यूमधली (नोंदवलेल्या तक्रारीखालची) चर्चा असो की परिषदेत ऐकलेलं भाषण. जे हवेतच आहे, जे सगळ्यांनाच शिकवलं जातं, त्याच्यासाठी वंशावळ मांडत बसायची गरज नाही. प्रत्येक लूपपाशी संगणकशास्त्राच्या जनकांना वंदन करून वाचक दमून जाईल.

एपीआयच्या, म्हणजे लायब्ररी ज्या फंक्शनांतून बाहेरून वापरतात त्या दर्शनी भागाच्या, घडणीबद्दल मात्र लोक फार हलगर्जी असतात. “कोड सगळा माझा आहे” असं म्हणतात, आणि फंक्शनांची नावं, पॅरामीटरांचा क्रम, चूक झाल्यावर येणारे संदेश सगळं जसंच्या तसं दुसऱ्याचं असतं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गूगलनं जावा एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळी घेणं न्याय्य वापरात (परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापरात) बसतं असा निकाल दिला. त्या निकालानं वापराची मुभा कुठवर आहे ते सांगितलं. नाव घ्यायचं की नाही हा प्रश्न त्या खटल्याचा नव्हताच, तो तुमचा आहे. आणि चांगला एपीआय बेतणं हे आतला कोड लिहिण्याइतकंच कष्टाचं काम असतं, कधी त्याहून जास्त.

लायसन्सची फाइल तशीच ठेवली आहे. एवढं पुरे नाही का?

कायद्याला पुरे. पण आधी तेवढं तरी नीट करा, कारण बरेच जण तिथेच चुकतात. एमआयटी लायसन्सची, म्हणजे कोड वापरण्याच्या एका परवानगीपत्राची, अट एका वाक्याची आहे: कॉपीराइटची सूचना आणि परवानगीचा मजकूर सगळ्या प्रतींत किंवा मोठ्या भागांत कायम ठेवा. २००४ च्या अपाची २.० लायसन्सनुसार प्रकल्पात ‘नोटीस’ नावाची फाइल असेल तर तीही सोबत न्यावी लागते. एखादी फाइल आपल्या प्रकल्पात आणताना वरची टिप्पणी ‘स्वच्छता’ म्हणून उडवली की अट मोडली.

ही अट नुसती कागदोपत्री नाही हे एका वेगळ्याच क्षेत्रातल्या खटल्यानं ठरवलं. रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी खेळण्यातल्या रेल्वेचे नमुने चालवण्यासाठी जावात मुक्त सॉफ्टवेअर लिहीत होते. दुसऱ्या एका विक्रेत्यानं त्यांच्या काही फाइल्स उचलल्या आणि त्यांतली लेखकांची नावं, कॉपीराइटच्या सूचना, मूळ स्रोताचा उल्लेख, सगळं काढून टाकलं. खालच्या न्यायालयाला वाटलं की हा फार तर कराराचा भंग आहे. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं ते फिरवलं: नाव राखण्याची अट ही परवानगीचीच अट आहे, ती मोडली तर कॉपीराइटचाच भंग होऊ शकतो. पैसे न घेता दिलेल्या कामालाही आर्थिक मोल असतं, त्यातून नाव होतं, असंही न्यायालयानं मान्य केलं. खेळण्यातल्या आगगाडीच्या फाइल्सवरून लागलेला हा निकाल आज प्रत्येक ओपन सोर्स लेखकाच्या पाठीशी उभा आहे.

उलट टोकाचंही एक उदाहरण आहे. जुन्या बीएसडी लायसन्सनुसार सॉफ्टवेअरच्या प्रत्येक जाहिरातीत कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नाव छापणं बंधनकारक होतं. पुढे ते लायसन्स वापरणाऱ्यांनी विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली, आणि १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आवृत्तीत मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी ७५ वाक्यं मोजली. १९९९ मध्ये विद्यापीठानं ते कलमच काढून टाकलं. सक्तीनं घ्यायला लावलेली पंचाहत्तर नावं कोणी वाचत नाही. म्हणून मी म्हणतो, लायसन्स ही किमान मर्यादा समजा. वाचकाला खरोखर कळेल असं श्रेय त्याच्यावर वेगळं लिहावं लागतं.

मग चांगलं श्रेय दिसतं तरी कसं?

नेमकं असतं आणि शोधणाऱ्याच्या वाटेत असतं. “अनेक प्रकल्पांचे आभार” या वाक्यानं कोणाचंच समाधान होत नाही.

व्ह्यू (Vue) नावाचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क आहे, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या, व्ह्यू २ च्या, सोर्समध्ये ‘पॅच’ ही फाइल उघडून बघा. पहिल्याच टिप्पणीत लिहिलं आहे की ही पद्धत स्नॅबडॉम या दुसऱ्या लायब्ररीवर आधारलेली आहे, मग स्नॅबडॉमच्या लेखकाचं नाव, लायसन्स एमआयटी, त्या लायसन्सचा दुवा, आणि त्याखाली “बदल केले इव्हान यू यांनी” (हे व्ह्यूचे लेखक). मोजून चार गोष्टी: काय घेतलं, कोणाचं, कोणत्या अटीवर, पुढे कोणी हात लावला. ज्याला त्या फाइलमध्ये दोष शोधायचा आहे त्याच्या डोळ्यांसमोरच ती टिप्पणी येते. मला विचाराल तर नवख्या प्रोग्रामरला श्रेय कसं द्यायचं हे शिकवायला ही एवढी टिप्पणी पुरते.

मोठ्या प्रमाणावरचा नमुना म्हणजे पायथनमधलं फास्टएपीआय हे फ्रेमवर्क. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पर्याय, प्रेरणा आणि तुलना यांसाठी एक अख्खं पान आहे. जँगो, फ्लास्क, रिक्वेस्ट्स अशी एकेक साधनं घेऊन ते साधन काय करतं, कुठे कमी पडतं हे सांगितलं आहे आणि प्रत्येकाखाली एक चौकट: “यातून फास्टएपीआयनं हे घेतलं.” जँगो रेस्ट फ्रेमवर्कखाली लिहिलं आहे की एपीआयचं डॉक्युमेंटेशन आपोआप दाखवणारं पान त्यातून सुचलं. आणि टॉम क्रिस्टी यांच्या एपीआय स्टारखालच्या चौकटीत एकच क्रियापद आहे: “अस्तित्वात येणं”. सगळं फ्रेमवर्कच त्यामुळे जन्माला आलं, असं लेखक स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सांगतो. त्याच क्रिस्टी यांनी सुरू केलेल्या स्टारलेट या साधनावर फास्टएपीआय आजही उभं आहे.

रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या चमूनं हुक्स (साध्या फंक्शनमध्येच बदलती माहिती सांभाळण्याची सोय) आणले तेव्हा प्रश्नोत्तरांच्या पानात “याआधी असं काय काय झालं होतं?” असा वेगळा प्रश्न ठेवला होता. उत्तरात रीझनरिॲक्ट, आरएक्स, ओकॅमलमधल्या प्रयोगांपर्यंतची नावं होती आणि मूळ आराखडा सेबास्टियन मार्कबोगे यांचा, हेही. रीडक्स या लायब्ररीच्या रीडमीत तर एल्म भाषेसारख्या प्रेरणास्थानांबरोबर एका डेव्हलपरचे आभार मानले होते, ज्यानं एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातलं ‘रीडक्स’ हे नाव सोडून दिलं. त्याचा एक अक्षरही कोड त्यात नाही. पण त्यानं नाव सोडलं नसतं तर आज आपण त्या लायब्ररीला दुसऱ्याच नावानं ओळखत असतो.

कल्पना मला स्वतःहून सुचली होती. नंतर कळलं की दुसऱ्यानं आधीच केलंय. तरी त्याचं नाव घ्यायचं?

हो, फक्त खरं ते लिहा. “आम्ही स्वतंत्रपणे इथवर आलो. अमुक प्रकल्पात हे आधीपासून होतं, ते आम्हाला नंतर कळलं.” एकाच काळात एकच अडचण भेडसावणाऱ्या दोघांना एकच उत्तर सुचणं अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्यानं तुमच्यावर नकलेचा आरोप करण्याआधी तुम्हीच हे लिहिलं तर भांडण सुरूच होत नाही.

सिग्नल्सचंच बघा. मूल्य बदललं की त्याच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच पुन्हा मोजायचं, ही पद्धत नॉकआउट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत २०१० पासून होती. मधली काही वर्षं ती जुनाट समजली गेली. मग रायन कार्नियाटो यांच्या सॉलिडनं ती पुन्हा पुढे आणली, आणि २०२३ मध्ये अँग्युलर १६ नं सिग्नल्स घेतले, स्वेल्टनंही तीच वाट धरली. आता यांतल्या कोणी “आम्ही शोध लावला” म्हटलं तर ज्यानं २०११ साली नॉकआउटमध्ये काम केलंय तो माणूस काय म्हणेल? जुनी माणसं अजून आहेत, आणि त्यांना आठवतं.

आम्हाला दुसऱ्या फ्रेमवर्कशी तुलना करणारं पान लिहायचं आहे. काय पथ्य पाळावं?

एकच पथ्य सांगतो, बाकीची त्यातूनच निघतात: प्रसिद्ध करण्याआधी ते पान प्रतिस्पर्ध्याला वाचायला द्या.

हे भाबडं वाटेल, पण घडलेलं आहे. व्ह्यू २ च्या डॉक्युमेंटेशनमध्ये इतर फ्रेमवर्कांशी तुलनेचं लांबलचक पान होतं. रिॲक्टबद्दलच्या भागात सुरुवातीलाच लिहिलं होतं की रिॲक्टच्या चमूतल्या डॅन अब्रामोव्ह यांनी भरपूर वेळ दिला आणि दोन्ही बाजूंचं समाधान होईपर्यंत मजकूर सुधारायला मदत केली. दोन फ्रेमवर्कं एकाच वापरकर्त्यासाठी झगडत असताना एकाचा माणूस दुसऱ्याच्या घरी बसून स्वतःबद्दलचा मजकूर बरोबर करून देतो. मला या व्यवसायात असणं ज्या थोड्या गोष्टींमुळे आवडतं त्यांतली ही एक.

वाचायला देणं शक्य नसेल तर निदान तीन गोष्टी तपासा. ज्या आवृत्तीबद्दल बोलताय तिचा क्रमांक लिहा, कारण दोन वर्षांपूर्वीची उणीव आज भरलेली असू शकते. दुसरं, त्यांची बलस्थानं त्यांच्या चाहत्याला पटतील अशा शब्दांत मांडता येतात का बघा. येत नसतील तर तुम्हाला ते फ्रेमवर्क अजून कळलेलं नाही. आणि ज्या ठिकाणी त्यांच्याकडून शिकलात तेही त्याच पानावर लिहा. व्ह्यू ३ च्या कॉम्पोझिशन एपीआयची रिॲक्ट हुक्सशी तुलना करताना फरक मोकळेपणानं सांगितले आहेत, आणि हुक्स हीच आपली मोठी प्रेरणा होती हेही त्याच दमात मान्य केलं आहे.

बेंचमार्कचं, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचं, काय? आकडे तर खोटं बोलत नाहीत.

आकडे मोजणाऱ्याचं ऐकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हर्सेल कंपनीनं टर्बोपॅक हे कोड जोडून ब्राउझरसाठी तयार करणारं साधन जाहीर केलं तेव्हा ते त्याच कामाच्या व्हीटपेक्षा दहापट वेगवान असल्याचा दावा केला होता. व्हीटचे लेखक इव्हान यू यांनी मोजणी पुन्हा करून दाखवलं की तुलनेत व्हीटच्या बाजूला रिॲक्टचा कोड बेबल या कोडचं रूपांतर करणाऱ्या साधनामधून जात होता आणि टर्बोपॅकच्या बाजूला त्याहून पुष्कळ वेगवान एसडब्ल्यूसीमधून. दोन्हीकडे एकच साधन लावल्यावर अंतर बरंच कमी झालं. व्हर्सेलनंही नंतर आपली मोजणीची पद्धत सविस्तर मांडली. वाद उघड्यावर झाला, कोड सगळ्यांसमोर होता, म्हणून तो मिटू शकला.

शिकण्यासारखी पद्धत टेकएम्पॉवरच्या बेंचमार्कची आहे, २०१३ पासूनची. चाचण्यांचा कोड खुला, आणि प्रत्येक फ्रेमवर्कवाल्यानं आपल्या बाजूची अंमलबजावणी स्वतः पुल रिक्वेस्टनं (बदल स्वीकारण्याची विनंती पाठवून) सुधारावी. तुमचा घोडा तुम्हीच तयार करून आणा, मग शर्यत. दुसऱ्याचा घोडा आपण लंगडा करून आणायचा आणि मग जिंकल्याचं सांगायचं, याला शर्यत म्हणत नाहीत.

मोठ्या कंपनीनं माझ्या कामावरून स्वतःचं साधन काढलं, नाव कुठेच नाही. मी काय करू?

आधी कागद जमवा. तारखा, कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी), ईमेल, दोन्हीकडच्या रचनेतली साम्यं. मग शांतपणे, एकदाच आणि सविस्तर लिहा. संतापाचे पन्नास छोटे संदेश टाकले तर लोकांना संताप लक्षात राहतो, मुद्दा राहत नाही.

या बाबतीत ॲपगेटचं प्रकरण प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. कीवान बेगी यांनी विंडोजसाठी ॲपगेट हा पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम बसवणारं आणि अपडेट करणारं साधन) लिहिला होता. तो फ्रेमवर्क नव्हे, पण दुखणं तेच. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्यांच्याशी त्याबद्दल बोलणी केली, नोकरीच्या दृष्टीनं मुलाखतही झाली, मग काही महिने शांतता. मे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंगेट हा स्वतःचा पॅकेज मॅनेजर जाहीर केला आणि त्याची घडण बेगी यांच्या फार ओळखीची होती. त्यांनी सगळा घटनाक्रम लिहून काढला. त्यात एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केली: कोड घेतल्याचं दुःख नाही, ओपन सोर्स त्यासाठीच असतं, नाव घेतलं नाही याचं आहे. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टनं जाहीर लेख लिहून विंगेटमधल्या कोणत्या गोष्टी ॲपगेटपासून आल्या ते नावानिशी सांगितलं: इन्स्टॉल करताना स्क्रिप्ट न चालवणं, सविस्तर मॅनिफेस्ट (पॅकेजच्या माहितीची फाइल), सगळ्या प्रकारच्या इन्स्टॉलरांना आधार, अपडेट सुरळीत होणं.

ॲपगेट तरीही बंद झालं. श्रेय मिळाल्यानं बुडालेला प्रकल्प वर येत नाही, हे मी लपवणार नाही. पण त्या लेखामुळे ते काम कोणाचं होतं हे आता कोणाला विचारावं लागत नाही.

लायसन्सची अटच मोडली असेल तर गोष्ट वेगळी. मग वकिलाशी बोला. तिथे माझा सल्ला कामाचा नाही.

फोर्क केल्यावर मूळ प्रकल्पाचं नाव किती दिवस ठेवायचं?

कायमचं. फोर्क म्हणजे दुसऱ्याच्या कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवणं. जावास्क्रिप्टमधलं लोडॅश २०१२ मध्ये अंडरस्कोरपासून फुटून निघालं आणि वापरात त्याच्या पुढे गेलं. तरी त्याच्या लायसन्स फाइलमध्ये “अंडरस्कोरवर आधारित” ही ओळ आणि अंडरस्कोरचे लेखक जेरेमी ॲशकेनास यांचं नाव आहे. कोडची प्रत्येक ओळ बदलली असली तरी घराचा नकाशा कोणी काढला होता हे त्या ओळीतून कळतं.

फोर्क म्हणजे कायमची फारकत असंही समजू नका. नोडच्या कारभाराला कंटाळून डिसेंबर २०१४ मध्ये काही मुख्य लेखक आयओडॉटजेएस घेऊन बाहेर पडले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये नोड ४.० आलं ते दोन्हींचं मिळून.

प्रतिस्पर्धी खरंच एकत्र काम करू शकतात?

करतात, आणि त्यातून जे निघतं ते बहुधा दोघांनाही एकट्यानं जमलं नसतं.

रेल्स आणि मर्ब यांचं भांडण ज्यांनी पाहिलं त्यांना ते किती कडू होतं ते आठवत असेल. एझ्रा झिग्मुंटोविच यांनी सुरू केलेलं मर्ब सुटसुटीत आणि वेगवान होतं, रेल्स अवजड आहे हा त्याचा मूळ आक्षेप. डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही चमूंनी जाहीर केलं की मर्ब रेल्स ३ मध्ये विलीन होणार. येहुदा काट्झ मर्बमधून रेल्सच्या मुख्य चमूत आले. २०१० मध्ये रेल्स ३ आलं तेव्हा सुट्या भागांत विभागलेली रचना आणि डेटाबेसचा थर बदलण्याची मोकळीक, मर्बचे हे आग्रह त्यात उतरलेले होते. विलीन होताना मर्बचं नाव पुसलं नाही गेलं. रेल्सवाले आजही हे मर्बकडून आलं म्हणून सांगतात.

जावात २००९ साली याहून शांतपणे घडलं. स्प्रिंगचे रॉड जॉन्सन आणि गूगलच्या गाईसचे बॉब ली, दोघेही डिपेंडन्सी इंजेक्शनच्या (कोडच्या एखाद्या भागाला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवण्याच्या) मैदानातले थेट स्पर्धक. दोघांनी मिळून जेएसआर ३३० हे मानक पुढे आणलं. ‘इंजेक्ट’ ही खूण एकदा लिहिली की ती दोन्ही फ्रेमवर्कांना कळायला लागली.

आणि अगदी अलीकडचं: जावास्क्रिप्टमध्येच सिग्नल्स आणण्याचा २०२४ चा प्रस्ताव वाचा. आराखड्याला हातभार लावणाऱ्यांत अँग्युलर, एम्बर, प्रीॲक्ट, क्विक, सॉलिड, स्वेल्ट, व्ह्यू अशी नावं एका ओळीत आहेत.

एआयच्या मदतीनं लिहिलेल्या कोडचं श्रेय कोणाला?

मशीनचं आभारपत्र मला महत्त्वाचं वाटत नाही. त्यानं दिलेला मोठा, घडीव तुकडा कुठल्या प्रकल्पातला ओळखीचा वाटला तर शोधा, सापडला तर त्याचं लायसन्स पाळा आणि नाव लिहा. “मला मशीननं दिलं” हे उत्तर मूळ लेखकासमोर टिकणार नाही.

आमच्याच प्रकल्पात पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) पाठवणाऱ्यांची नावं कशी जपावीत?

कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटनं निम्मं काम करून ठेवलं आहे. कमिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा हे दोन वेगळे रकाने असतात, ते वेगळेच राहू द्या. दुसऱ्याचा पॅच लावताना लेखकाच्या जागी त्याचंच नाव ठेवा. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर संदेशाच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ टाका. ज्यानं फक्त दोष दाखवला त्याच्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये ‘रिपोर्टेड-बाय’ ही ओळ वापरतात. ती पद्धत उचला, फार चांगली आहे. कोणाचं नाव किंवा ईमेल बदललं तर ‘मेलमॅप’ फाइलमध्ये जोडणी करा, नाहीतर एकाच माणसाचं काम दोन अनोळखी नावांत विभागलं जातं.

गिटला न दिसणारं उरलेलं निम्मं काम तुमचं: भाषांतर, डॉक्युमेंटेशन, इश्यूंची उत्तरं, आणि नाकारलेल्या पॅचमधून घेतलेली कल्पना. या शेवटच्याचीच मला सगळ्यात धास्ती वाटते. का, ते पुढच्या उत्तरात.

चूक झाली, नाव राहून गेलं. आता काय?

सांगतो, कारण माझ्याकडून झाली आहे.

एका योगदानकर्त्यानं माझ्या लायब्ररीत एकात एक गुंतलेल्या फॉर्म-फील्ड्सची तपासणी करणारी पुल रिक्वेस्ट पाठवली. आत जाताना प्रत्येक पायरीवर मार्गाची यादी सोबत न्यायची आणि चूक सापडली की ती यादीच चुकीचा पत्ता म्हणून परत द्यायची, ही त्यातली खरी युक्ती होती. कोडची शैली आमच्या नियमांत बसत नव्हती, टेस्ट नव्हत्या. मी “धन्यवाद, हे थोडं वेगळ्या पद्धतीनं करतो” असं लिहून ती बंद केली आणि आठवडाभरानं सगळं स्वतः नव्यानं लिहिलं. शैली माझी, टेस्ट माझ्या, कमिटवर नाव माझं. रिलीज नोट्समध्ये “गुंतलेल्या फील्ड्सना आधार” एवढंच. युक्ती मात्र तीच होती, मार्गाच्या यादीची.

हे मला खुपलं ते तीन महिन्यांनी, दुसरंच काहीतरी शोधताना ती बंद केलेली पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडली तेव्हा. लेखकानं खाली काहीच लिहिलं नव्हतं. तक्रार नाही, आठवण नाही.

प्रसिद्ध झालेला कमिट बदलायचा तर सगळ्यांचा इतिहास हलतो, म्हणून तो तसाच ठेवला. रिलीज नोट दुरुस्त केली आणि दुरुस्ती केल्याची तारीख तिथेच घातली. चेंजलॉगमध्ये (आवृत्तीवार बदलांच्या यादीत) लिहिलं: “चुकीचा पत्ता मार्गाच्या यादीतून परत देण्याची कल्पना यांच्या पुल रिक्वेस्टमधून घेतली आहे, आधी हा उल्लेख राहिला होता.” नाव आणि दुवा दिला. कोडमध्ये त्या फंक्शनच्या डोक्यावर तीच टिप्पणी घातली. पुढच्या आवृत्तीच्या घोषणेत पहिल्या परिच्छेदात सांगितलं, तळटीपेत नाही. मग त्या बंद पुल रिक्वेस्टखाली माफी मागितली, आणि काय काय दुरुस्त केलं त्याचे दुवे दिले.

तुमच्याकडून झालं तर हाच क्रम धरा. फक्त तीन महिने थांबू नका. त्या योगदानकर्त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या माफीखाली अंगठ्याची खूण केली. नवा पॅच त्याच्याकडून अजून आलेला नाही.